लेकीला पत्रे जोडायला शिकू द्या

सोलापुरात अक्कलकोट रोडवर फॅब्रिकेशनचं दुकान चालवणाऱ्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा हाय स्ट्रेंग्थ स्टीलच्या पत्र्याला वेल्डिंगशिवाय, रिव्हेटसारख्या खिळीने किंवा नुसता दाबून जोडायचा, असा प्रोजेक्ट तिने घेतलाय, आणि पुढेही यातच काम करायचं म्हणते. वडील विचारतात, "रिव्हेट सोडून आम्ही वेल्डिंगवर आलो त्याला पिढी लोटली. ही उलटी का चालली? त्यापेक्षा कॉम्प्युटरला घालू का?"

सप्रेम नमस्कार.

ती उलटी चाललेली नाही. लोखंडाला लोखंड जोडायला वेल्डिंगच हवं, हे तुम्ही रोज करताच. पण अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि स्टीलला १५०० च्या आसपास जावं लागतं. दोन्ही एकत्र वितळवलीच, तर सांध्यात लोह आणि अ‍ॅल्युमिनियमचं ठिसूळ संयुग तयार होतं आणि धक्क्याला सांधा तिथेच तडकतो. शिवाय हाय स्ट्रेंग्थ स्टीलला कारखान्यात दिलेली ताकद वेल्डिंगच्या आचेने त्या जागी उतरू शकते.

मग जोडायचंच कशाला? गाडी हलकी करायला. अ‍ॅल्युमिनियम वजनाला स्टीलच्या जेमतेम एक तृतीयांश. पण टक्कर झाली की माणसाला वाचवणाऱ्या खांबांना स्टीलच लागतं. म्हणून दोन्ही धातू एकाच बॉडीत येतात. फोर्डच्या एफ-१५० पिकअपची बॉडी २०१५ च्या मॉडेलपासून अ‍ॅल्युमिनियमची झाली, तेव्हा तिथेही रिव्हेट आणि अ‍ॅढेसिव्हवरच (चिकटवायच्या गोंदावर) मोठी भिस्त होती.

हा रिव्हेट मात्र तुमच्या ओळखीचा नाही. त्याला आधी भोक पाडावं लागत नाही. पोकळ, कडक रिव्हेट प्रेसच्या जोराने वरचा पत्रा फाडत जातो, खालच्या पत्र्यात शिरतो आणि खालच्या साच्यावर, म्हणजे डायवर, त्याचे पाय फाकून आत अडकतात. खालचा पत्रा आरपार फुटत नाही. याला सेल्फ पिअर्सिंग रिव्हेट म्हणतात. दुसरी पद्धत क्लिंचिंगची. तीत रिव्हेटही नसतो, पंच आणि डायमध्ये दोन्ही पत्रे दाबून एकमेकांत गुंतवतात.

खरी मेख हाय स्ट्रेंग्थ स्टीलमध्ये आहे. ते खाली ठेवलं तर रिव्हेटचे पाय नीट फाकत नाहीत किंवा पत्र्यालाच भेग जाते. म्हणून शक्यतो कडक पत्रा वर आणि मऊ, जाड पत्रा खाली ठेवतात. पण गाडीच्या डिझाइनमध्ये नेहमी तसं जमत नाही. हॉट स्टॅम्पिंगच्या, म्हणजे तापवून साच्यात दाबलेल्या, १५०० मेगापास्कल ताकदीच्या स्टीलपुढे तर साधा रिव्हेटच हरतो. मग आधी भोक पाडून स्क्रू मारा, नाहीतर घर्षणाने बसणारी वेगळी खिळी वापरा. कोणता पत्रा, किती जाडी, कोणती डाय, किती जोर, हे ठरवणाऱ्या माणसाची किंमत इथेच आहे.

नोकरीचं स्पष्ट सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांची बॉडी अजून स्टीलची आणि स्पॉट वेल्डिंगचीच (ठिपक्या-ठिपक्यांनी केलेल्या वेल्डिंगची) आहे. त्यामुळे फक्त रिव्हेटवर करिअर उभं राहील, असं मी म्हणणार नाही. तिने स्पॉट वेल्डिंग, धातुशास्त्र आणि डाय डिझाइन पक्कं करावं, रिव्हेट त्याच्या जोडीला. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळतो, तो घ्यावा. काम बहुधा पुणे-चाकणकडे मिळेल. सोलापुरात इंजिनातले कॅमशाफ्ट बनतात, गाड्यांच्या बॉड्या नाहीत. मुलगी अडीचशे किलोमीटरवर राहील, याची घरच्यांनी आत्तापासून तयारी ठेवावी.

कॉम्प्युटरला वेगळं घालायची गरज नाही. रिव्हेट बसताना पत्रा कसा वाहील, हे आता आधी सिम्युलेशनमध्येच बघतात. ते सॉफ्टवेअर तिने शिकावंच. पण ज्याने खरा पत्रा दाबलेला आहे, त्यालाच पडद्यावरचं खोटं चित्र ओळखू येतं. तुमच्या दुकानात वाढलेल्या मुलीकडे हे आधीच आहे.

प्रोजेक्टला रिव्हेटचं महागडं मशीन लागत नाही. हायड्रॉलिक प्रेसवर क्लिंचिंगची पंच-डाय बसवता येईल. सुरुवात अ‍ॅल्युमिनियम आणि साध्या माइल्ड स्टीलच्या पत्र्यावर करावी, हाय स्ट्रेंग्थ नंतर. प्रत्येक सांधा मधोमध कापून, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली बघायचा: पत्रे किती गुंतले, तळाशी जाडी किती उरली. दुसरा नमुना कॉलेजच्या युटीएमवर (ताकद मोजायच्या मशीनवर) ओढून तोडायचा. काही सांधे मिठाच्या पाण्यात ठेवावेत, निम्मे मध्ये अ‍ॅढेसिव्ह लावून आणि निम्मे कोरडे. दोन वेगळे धातू ओले झाले की अ‍ॅल्युमिनियम आधी खाल्लं जातं, आणि या कामातली सर्वांत चिवट अडचण हीच आहे.

नमुने भंगारात जाऊ देऊ नका. मुलाखतीला तिने कापलेला एक चांगला सांधा न्यावा आणि एक फसलेलाही न्यावा. तो का फसला, हे तिला सांगता आलं पाहिजे.