मी कोल्हापूरला, नवरा पुणे विद्यापीठात : साताऱ्यात घर घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही शिवाजी विद्यापीठात नुकत्याच रुजू झालात, यजमान सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आहेत, मुलगा चार वर्षांचा आहे, आणि सातारा दोघांच्या मधोमध पडतो म्हणून तिथे फ्लॅट बघताय. आम्ही अगदी हेच केलं. २०१७ पासून साताऱ्यात आहोत. मी कोल्हापूरला अप-डाऊन करते, हे पुण्याला. म्हणून आधी उत्तर सांगते. दिवसा घरात तुम्हा दोघांशिवाय एखादं मोठं माणूस असणार असेल, तर सातारा जमेल. नसेल तर घेऊ नका.

नकाशावर सातारा फार गोड दिसतो. पुणे साधारण ११० किलोमीटर, कोल्हापूर सव्वाशेच्या आतबाहेर. दोघांना सारखाच त्रास, कुणाची तक्रार नाही. पण मधोमध राहायचं म्हणजे सकाळी नऊनंतर दोघंही घरापासून सव्वादोन-अडीच तासांवर. आमच्या पहिल्याच वर्षी, सप्टेंबरात, लेकीला बालवाडीत ताप चढला. फोन आला तेव्हा अकरा वाजले होते. मी प्रॅक्टिकलमध्ये होते, हे एका व्हायव्हात. दोघंही निघालो. मी पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते आणि शेजारच्या काकू तिला डॉक्टरांना दाखवून, पेज भरवून, मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्याच संध्याकाळी आम्ही गावी सासूबाईंना फोन केला. त्या आल्या म्हणून आमचं हे घर चाललं.

पाळणाघर आहेच की, असं तुम्हाला वाटेल. पाळणाघर सहा-साडेसहापर्यंत सांभाळतं. तुमची एसटी त्या वेळेला कराडच्या अलीकडे उभी असेल.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे, ‘आठवड्यातून तीनच दिवस जावं लागेल’. त्यावर घराचा हिशोब मांडू नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमावलीत शिक्षकाला आठवड्याला किमान ४० तासांचं काम आहे आणि रोज किमान पाच तास विद्यापीठात उपलब्ध राहायचं आहे. सहायक प्राध्यापकाला त्यातले १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं. शिवाय परीक्षा, पेपर तपासणी, नॅकच्या, म्हणजे विद्यापीठाच्या मूल्यांकनाच्या, फायली. नवीन माणसाच्या वाट्याला ही कामं जास्तच येतात. पाच दिवस जायचंय असंच धरून चाला.

मग पाच दिवस रोज पाच तास रस्त्यावर? दोन महिन्यांत कंबर धरते. आमचीही धरली. तेव्हा आम्ही रात्री वाटून घेतल्या. सोमवार-मंगळवारच्या रात्री मी कोल्हापूरला मुक्काम करायचा, बुधवार-गुरुवारच्या यांनी पुण्याला. लेकीजवळ रोज रात्री आई किंवा बाबा, आणि दोघांच्याही आठवड्याला पाचाऐवजी तीनच फेऱ्या. कागदावर याहून चांगलं काही सुचत नव्हतं. पण बघा, सोमवारी सकाळी मी घर सोडलं की आमची दोघांची भेट थेट शुक्रवारी संध्याकाळी. बुधवारी सकाळी हे निघायचे, संध्याकाळी मी यायचे. लेकीला रोज कुणीतरी होतं, आम्हाला एकमेकं नव्हतो. दोन सत्रं असं काढलं. घरातलं सगळं बोलणं फोनवर, तेही दुधाचं बिल आणि औषधांच्या वेळा. शेवटी एकेकच रात्र ठेवली, माझी सोमवारची, यांची बुधवारची. फेऱ्या चार झाल्या, कंबर दुखते ती दुखतेच, पण मंगळवारी आणि गुरुवारी चौघं एकत्र जेवतो. हे जमायला दोघांच्या विभागप्रमुखांशी सत्र सुरू होण्याआधी बोलावं लागतं. एकदा टाइमटेबल लागलं की कुणी हलवत नाही. तुम्ही साताऱ्यात आलात तर हे काम घर शोधण्याच्याही आधी करा.

आता रस्ता. रेल्वेचा विचार सोडून द्या. स्टेशन माहुलीला, गावाबाहेर, आणि गाडी वाठार, लोणंद, नीरा, जेजुरी असा वळसा घेऊन पुण्याला जाते. स्वारगेटच्या विनाथांबा एसटीला तोड नाही. पुढे स्वारगेटहून शिवाजीनगरपर्यंत २०२४ पासून मेट्रो आहे. यजमान गाडीने जाणार असतील तर शहरात शिरू नये, नवले पूल, चांदणी चौक, पाषाण असं जावं. तुम्ही कोल्हापूरला सीबीएसपर्यंत (मध्यवर्ती स्टँडपर्यंत) जाऊ नका, हायवेवरच्या तावडे हॉटेलच्या थांब्याला उतरून रिक्षा करा. एसटीत २०२३ पासून आपल्याला बायकांना निम्मं तिकीट आहे, त्याचा महिन्याच्या खर्चाला मोठा आधार होतो. स्वतःच्या गाडीला मात्र आनेवाडी, खेड शिवापूर, तिकडे तासवडे, किणी, सगळीकडे टोल.

पुण्याकडे जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो, येताना घाट. शुक्रवारी संध्याकाळी महाबळेश्वरला निघालेल्या गाड्यांनी तो घाट भरलेला असतो, नेमका ज्या दिवशी माणसाला घरी लवकर पोचायचं असतं. माझ्या बाजूला कराडला जुना उड्डाणपूल पाडल्यापासून आणि सहापदरीकरणाचं काम सुरू झाल्यापासून वेळेचा भरवसा राहिला नाही. आणि पावसाळा. ऑगस्ट २०१९ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं. मी आठवडाभर कोल्हापुरातच अडकले. २०२१च्या जुलैत तोच रस्ता पुन्हा बंद झाला. कोल्हापुरात एक मैत्रीण, एक खोली, कपड्यांचा एक जोड, हे तुम्हाला लागणारच.

साताऱ्यात घर बघताना पेठांच्या प्रेमात पडू नका, मीही पडले होते. किल्ल्याच्या पायथ्याचं घर सुंदर असतं, पण हायवेला लागेपर्यंत रोज वीस मिनिटं जातात. वाढे फाटा, कृष्णानगर किंवा बॉम्बे रेस्टॉरंट चौकाच्या आसपास बघा.

आणि घरात तिसरं माणूस नसेल तर कोल्हापुरात राहा. विद्यापीठ, मुलाची शाळा, दवाखाना, सगळं पंधरा-वीस मिनिटांत येतं. पुण्यात नोकरी आणि घर एकाच शहरात असूनही तेवढं जवळ मिळत नाही. यजमानांनी पुण्यात खोली घ्यावी आणि आठवड्यातून दोनदा यावं. त्यांना जड जाईल, मान्य. पण मुलाला ताप आला तर एकजण पंधरा मिनिटांत पोचेल.

काहीही ठरलं तरी यंदा फ्लॅटचा विसार देऊ नका. अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने घ्या, एक पावसाळा काढा. जुलैतल्या एखाद्या सोमवारी पहाटे साडेपाचला साताऱ्याच्या स्टँडवर उभ्या राहा आणि रात्री आठला घरी परत या. मग लिहा मला.