बँड सोडल्यावर काढलेले एकल अल्बम बहुतेक वेळा निराश का करतात? इंडी रॉकमधला (मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांबाहेर वाढलेल्या रॉक संगीतातला) एखादा चांगला सुचवाल का?

सुचवायचाच तर एकच सुचवेन : 'फिअर फन', 2012, रेकॉर्ड कंपनी सब पॉप रेकॉर्ड्स. गायक फादर जॉन मिस्टी, म्हणजेच जॉश टिलमन. हा आधी सिअ‍ॅटलच्या फ्लीट फॉक्सेस या बँडचा ड्रमर होता. 2008 साली त्यांचा पहिला अल्बम रेकॉर्ड होऊन गेल्यावर तो बँडमध्ये आला, 2011 च्या 'हेल्पलेसनेस ब्लूज'वर वाजवलं आणि जानेवारी 2012 मध्ये, टोकियोचा कार्यक्रम आटोपल्यावर बाहेर पडला. 'फिअर फन' त्याच वर्षी मे महिन्याच्या सुमारास आला.

निराशा का होते, यावर माझं मत असं : सोडून गेलेला माणूस बरेचदा बँडचीच गाणी करत राहतो, फक्त साथीला ती माणसं नसतात. नाहीतर इतके दिवस साठवलेलं सगळं एकदम ओततो आणि 'हे नको' म्हणणारं जवळ कोणी उरलेलं नसतं.

टिलमनची गोष्ट निराळी आहे. एकट्याने गायला तो काही आसुसलेला नव्हता. बँडमध्ये यायच्या आधी आणि बँडमध्ये असतानाही 'जे. टिलमन' या नावाने तो अल्बम काढतच होता. त्यातला 'इयर इन द किंगडम' (2009) ऐकून बघा. अकूस्टिक गिटार, दबका आवाज, सगळं संथ आणि उदास. गाणी सुंदर आहेत, पण एक संपून दुसरं कधी सुरू झालं ते कळत नाही. पुढे मुलाखतींत त्यानेच सांगितलंय की त्या काळी दोन गाण्यांच्या मध्ये तो जे बोलायचा, त्याला लोक गाण्यांपेक्षा जास्त दाद द्यायचे.

खरी मेख इथेच आहे. बोलणारा टिलमन तिखट, चावट, स्वतःलाही न सोडणारा. गाणारा टिलमन मात्र कायम सुतकात. सिअ‍ॅटल सोडून तो लॉस एंजेलिसच्या लॉरेल कॅन्यनमध्ये जाऊन राहिला, तिथे कादंबरी लिहायला घेतली आणि लिहिता लिहिता त्याला स्वतःचा बोलता आवाज सापडला. 'फिअर फन'मध्ये तो पहिल्यांदा त्या आवाजात गातो.

'नाऊ आय अ‍ॅम लर्निंग टू लव्ह द वॉर' हे गाणं तर आवर्जून ऐका. एक रेकॉर्ड बनवायला किती खनिज तेल जळतं, याचा तो हिशेब मांडतो : मालवाहतूक, व्हायनल (तबकडीचं प्लॅस्टिक), सेलोफेनचं वेष्टन, कव्हरची चकाकी, टेप, यंत्रसामग्री. चाल अगदी शांत. आपण जे ऐकतोय ते याच तेलातून आलंय हे लक्षात येतं, आणि तो इतक्या गोड आवाजात सांगतो की पळवाटच राहत नाही. त्याच्या जुन्या अल्बमांत असं गाणं मला कुठे सापडलं नाही. उलट 'हॉलीवूड फॉरेव्हर सिमेटरी सिंग्ज'मध्ये ड्रम दणदणतात आणि आजोबांचा अंत्यविधी आणि प्रेयसीची संगत एकाच गाण्यात नांदतात. शेवटच्या गाण्यात तर तो सरळ म्हणतो की जोशुआ हे नाव त्याला कधी आवडलंच नाही आणि 'जे'चाही कंटाळा आला.

बँडचं काहीच उरलं नाही असंही नाही. एकावर एक रचलेल्या आवाजांचे थर, ती फ्लीट फॉक्सेसची ओळख, इथेही आहेत. पहिल्याच 'फनटाइम्स इन बॅबिलॉन'मध्ये ऐकू येतील. निर्माता जोनाथन विल्सनने ते नेमके वापरलेत. मुख्य आवाज कुठेही झाकला जात नाही आणि शब्द न् शब्द कळतो.

ऐकताना आधी 'इयर इन द किंगडम'मधली दोन-तीन गाणी ऐका, मग लगेच 'फिअर फन' सुरुवातीपासून लावा. एकूण बाराच गाणी आहेत, मधली गाळू नका. आवडला तर 2015 चा 'आय लव्ह यू, हनीबेअर' घ्या. तो लग्नाबद्दलचा आहे आणि माझ्या मते याहून सरस आहे, पण 'फिअर फन'नंतर ऐकला तरच त्यातला धीटपणा जाणवतो.