नायक गेला कुठे? ‘न्यू मून’विषयी वाचकांची पत्रे

स्टेफनी मेयर यांची ‘ट्वायलाइट’ ही बेला नावाची शाळकरी मुलगी आणि एडवर्ड हा रक्तपिपासू (व्हॅम्पायर) यांच्या प्रेमाची कादंबरी २००५ मध्ये आली आणि तिचा पुढचा भाग, ‘न्यू मून’, २००६ मध्ये. त्या वेळी शाळेत असलेले तिचे पहिले वाचक आता तिशी ओलांडून गेले आहेत. तरीही दुसऱ्या भागाविषयीची जी तक्रार तेव्हा ऐकू येत असे, तीच आजचे नवे वाचक जवळपास त्याच शब्दांत लिहून पाठवतात. त्यांतील काही निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : पहिला भाग मी दोन रात्रींत संपवला. दुसऱ्या भागात मात्र एडवर्ड सुरुवातीलाच बेलाला जंगलात सोडून निघून जातो आणि शेवटची काही प्रकरणे येईपर्यंत फिरकतही नाही. मी निम्म्यावर पुस्तक मिटले. ज्याच्यासाठी वाचक पुस्तक हाती घेतो, त्यालाच लेखिकेने गायब का करावे? पुढे वाचण्यात काही अर्थ आहे का?
— महाविद्यालयीन वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपला राग समजण्यासारखा आहे. पहिला भाग वाचकाला एकच सवय लावतो, ती म्हणजे एडवर्ड आता कोणत्या क्षणी समोर येईल याची वाट पाहण्याची. दुसरा भाग ती सवय मोडतो आणि वाचकाच्या तोंडाला पाने पुसली गेल्यासारखे होते. परंतु जरा थांबून पाहिले तर आपल्याला जी चुटपुट लागली, तीच बेलाची अवस्था आहे. कथा तिच्याच तोंडून सांगितली जात असल्यामुळे तिला जे ठाऊक नाही ते आपल्यालाही कळत नाही.

यामागची हकीकतही रंजक आहे. मेयर यांनी पहिल्या कादंबरीनंतर लिहिलेला मूळ उत्तरभाग वेगळाच होता. त्यात शाळेची वर्षे ओलांडून कथा थेट लग्नापर्यंत आणि त्यापुढे जात होती. मालिका कुमारवयीन वाचकांसाठी ठेवायची असे ठरल्यावर त्यांना मागे येऊन मधला काळ लिहावा लागला आणि त्यातून ‘न्यू मून’ व ‘इक्लिप्स’ हे भाग जन्मले. म्हणजे ज्या विरहाने आपण वैतागलात, तो त्या पहिल्या उत्तरभागात नव्हताच. माझ्या मते मात्र मालिकेतील सर्वांत प्रामाणिक लेखन त्याच विरहाच्या पानांवर आहे.

एडवर्ड जातो तो एका क्षुल्लक प्रसंगामुळे. बेलाच्या अठराव्या वाढदिवशी भेटवस्तूचा कागद उघडताना तिचे बोट कापते, रक्ताचा थेंब दिसताच एडवर्डचा भाऊ जॅस्पर तिच्यावर झेपावतो आणि आपल्या सहवासात हिचा जीव धोक्यात आहे असे एडवर्ड ठरवून टाकतो. तो गेल्यानंतरची काही पाने जवळजवळ कोरी आहेत; प्रत्येकावर फक्त एका महिन्याचे नाव आहे : ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. दुःखाचे वर्णन करण्यात ही लेखिका एरवी अजिबात हात आखडता घेत नाही, म्हणून तिने येथे पाळलेले मौन अधिक जाणवते. २००९ मध्ये आलेल्या चित्रपटात बेला खुर्चीवर बसून राहते, कॅमेरा तिच्याभोवती फिरतो आणि खिडकीबाहेर ऋतू बदलतात. हा प्रसंग त्या कोऱ्या पानांवरूनच बेतलेला आहे. त्याच चित्रपटात एडवर्डची आकृती मात्र अधूनमधून हवेत दिसत राहते. पुस्तकात बेलाला फक्त त्याचा आवाज ऐकू येतो. नायकाशिवाय इतका वेळ प्रेक्षक बसतील, असा विश्वास चित्रपटकर्त्यांना वाटला नसावा.

तेव्हा पुढे अवश्य वाचा, पण शेवटाकडून फार अपेक्षा ठेवू नका. एडवर्डची बहीण ॲलिस हिला पुढचे दिसते; तिला बेला कड्यावरून उडी मारताना दिसते, बेलाला वाचवणारा तिचा मित्र जेकब मात्र दिसत नाही, कारण त्याच्यासारखी लांडग्यांचे रूप घेणारी मुले ॲलिसच्या दृष्टीच्या टप्प्यात येत नाहीत. मग एडवर्डचा दूरध्वनी येतो, तो जेकब उचलतो आणि बेलाचे वडील अंत्यविधीला गेले आहेत असे सांगतो. तो अंत्यविधी दुसऱ्याच कोणाचा असतो. एडवर्ड मात्र तो बेलाचाच समजून मरण पत्करायला इटलीतील व्होल्टेरा येथे, रक्तपिपासूंच्या सत्ताधीशांकडे, पोहोचतो. एवढ्या मोठ्या कादंबरीचा कळस एका चुकीच्या समजुतीवर उभा राहावा, ही तक्रार कोणी केली तर तिला माझ्याजवळ उत्तर नाही. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’चा आधार लेखिकेने उघडपणे घेतला आहे, हे खरे, परंतु त्या नाटकात गैरसमजाची पुरती किंमत मोजावी लागते, येथे ती माफ होते.

प्रश्न : माझी नववीतील मुलगी ही मालिका वाचते आहे. मी दुसरा भाग चाळला आणि धास्तावले. एका मुलाचा आवाज कानी पडावा म्हणून नायिका मोटारसायकल बेफाम चालवते, कड्यावरून समुद्रात उडी घेते. हे पुस्तक मी तिच्या हातून काढून घ्यावे का?
— एक आई, ठाणे

उत्तर : काढून घेऊ नका, दडवलेले पुस्तक मुले हटकून आधी वाचतात. आपली काळजी मात्र अनाठायी नाही. कादंबरीत कड्यावरून उड्या मारणे हा तिथल्या मुलांचा खेळ आहे आणि बेला जीव देण्यासाठी उडी घेत नाही. तो आवाज आपल्याच मनाचा खेळ आहे, हेही ती जाणून असते. तरीही धोका पत्करला की प्रिय व्यक्ती जवळ येते, हे समीकरण पुस्तकात आकर्षक होऊन बसते, हे नाकारता येणार नाही.

मला स्वतःला त्याहून अधिक खटकते ते एडवर्डचे वागणे. तो बेलाच्या भल्याचा निर्णय तिला न विचारता घेतो, ‘तू मला नकोस’ असे खोटे सांगतो, आणि परत आल्यावर कादंबरी त्याला फारच लवकर क्षमा करून टाकते. मुलीशी बोलायचेच असेल तर येथून सुरुवात करा. ‘तुझ्या बऱ्यासाठीच मी असे केले’ असे म्हणणारा माणूस नक्की कोणाच्या बऱ्याचे पाहतो, हा प्रश्न पंधरा वर्षांच्या मुलीला कळण्यापलीकडचा नाही आणि तिचे उत्तर कदाचित आपल्याला चकित करील.

आणखी एक सुचवतो. आपण स्वतः हे पुस्तक बेलाच्या वडिलांकडे, चार्लीकडे, लक्ष ठेवून वाचा. हा अबोल पोलीसप्रमुख महिनोन्‌महिने मुलीला झिजताना पाहतो, काय बोलावे हे त्याला सुचत नाही, आणि अखेर तो तिला आईकडे पाठवून देण्याची भाषा करतो. त्या धसक्यानेच बेला बऱ्याच दिवसांनी मैत्रिणीबरोबर बाहेर पडते. प्रेमकथेच्या ओघात तरुण वाचक ही पाने भराभर उलटतात. मुलगी मुळातच खाणेपिणे, बोलणे टाकून बसली असेल, तर मात्र पुस्तकाचा विचार बाजूला ठेवून समुपदेशकाची भेट घ्यावी.

प्रश्न : ‘टीम एडवर्ड’ आणि ‘टीम जेकब’ असे वाचकांचे दोन तट का पडले? शेवटी बेला कोणाची होणार हे तर उघडच होते.
— एक वाचक, पुणे

उत्तर : उघड होते, पण लेखिकेनेच जेकबला गरजेपेक्षा जास्त जिवंत केले. पहिल्या भागात तो जुनी दंतकथा सांगण्यापुरता येतो. दुसऱ्या भागात बेलाबरोबर गॅरेजमध्ये मोडक्या मोटारसायकली दुरुस्त करत बसतो, हसतो, हसवतो, आणि रोज भेटतो. एकाच्या बाजूने नियती होती, दुसऱ्याच्या बाजूने पानेच्या पाने. या भांडणाचे टी-शर्टही निघाले. २००८ मध्ये चौथा भाग आला आणि त्यात जेकबची सोयरीक एका नवजात बालिकेशी नियतीने जोडून टाकली, तेव्हा नाराज वाचकांपैकी काहींनी पुस्तक दुकानात परत करण्याची हाक दिली. मी त्यांच्यात नव्हतो, पण त्यांचा मुद्दा मला पटतो.

प्रश्न : मी सिॲटलमध्ये राहते. सुट्टीत आम्ही फोर्क्स आणि ला पुश ही कादंबरीतली गावे पाहून आलो. जेकब ज्या क्विल्यूट या आदिवासी जमातीचा दाखवला आहे, तिच्या लांडग्यांच्या कथा खरोखर त्यांच्या आहेत का?
— एक वाचक, अमेरिका

उत्तर : थोड्याफार. लेखिकेने अमेरिकेतील अतिपावसाचे ठिकाण शोधता शोधता फोर्क्स निवडले आणि शेजारची ही जमात कथेत आली. पहिले क्विल्यूट लांडग्यांपासून माणसे झाले, अशी त्यांची उत्पत्तिकथा आहे. रक्तपिपासूंशी वैर, करार आणि लांडगा होण्याचा ताप हा सगळा भाग लेखिकेचा. नारायण धारप वाचत वाढलेल्या मराठी वाचकाला अशी भर घालण्याची तऱ्हा नवी नाही. फरक इतकाच की येथे ती हयात माणसांच्या नावावर घातली गेली. चाहत्यांची रीघ लागल्यानंतर, २०१० मध्ये, सिॲटल आर्ट म्युझियमने या जमातीच्या खऱ्या लांडगा-परंपरेवर स्वतंत्र प्रदर्शन भरवले होते.

आपण ला पुशला जाऊन आलात, म्हणजे वस्ती समुद्राला किती खेटून आहे हे पाहिलेच असेल. कादंबरीत या किनाऱ्यावर संकट येते ते लाल केसांच्या रक्तपिपासू व्हिक्टोरियाच्या रूपाने; प्रत्यक्षात तिथल्या लोकांना धास्ती असते त्सुनामीची. शाळा आणि वस्ती उंचावर हलवता यावी म्हणून २०१२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानातील ७८५ एकर जमीन या जमातीच्या स्वाधीन केली.