चिपाडाच्या कार्बनची क्षमता आणखी कशी वाढवायची?

तुम्ही विचारलंय की गुऱ्हाळातल्या चिपाडापासून केलेला हार्ड कार्बन (सोडियम साठवणारा, वेड्यावाकड्या रचनेचा कोळसा) सोडियम-आयन सेलमध्ये ग्रॅममागे २६० मिलिअँपिअर-अवर देतो, तो ३०० च्या वर कसा न्यायचा, आणि पूर्ण सेल जोडला की क्षमता एवढी का घसरते.

पहिला प्रश्न सध्या बाजूला ठेवा, दुखणं दुसऱ्यात आहे. तुमचे २६० हे अर्ध्या सेलमधले, समोर सोडियम धातूची चकती लावून मोजलेले. चकतीत सोडियम बक्कळ, कितीही वाया गेलं तरी कळत नाही. पूर्ण सेलमध्ये मात्र समोरच्या धन ध्रुवानं, म्हणजे कॅथोडनं, आणलं तेवढंच. पहिल्या फेरीची कार्यक्षमता तुम्ही ७० टक्के लिहिलीय, म्हणजे कार्बननं ३७० घेतले आणि २६० परत दिले. ११० बुडाले. कॅथोड तुम्ही २६० च्याच मापानं लावला असणार. त्यातून ११० गेले की हातात १५०. हिशोब ढोबळ आहे, पण मेख हीच.

बुडतात कुठं? कार्बनच्या अंगावर इलेक्ट्रोलाइटचं, म्हणजे दोन ध्रुवांमधल्या द्रावाचं, विघटन होऊन थर बसतो, त्यात. पृष्ठभाग जास्त तितका थर जास्त. कॉस्टिक पोटॅश घालून छिद्रं पाडायची रीत सुपरकपॅसिटरवाल्यांची. इथं ती अंगलट येते. आपल्याला छिद्रं हवीत ती तोंड मिटलेली, जिथं सोडियम साठेल पण इलेक्ट्रोलाइट पोचणार नाही. तापमान वाढवलं की तोंडं मिटत जातात. तेव्हा ९०० अंशांवर थांबू नका, आर्गॉनमध्ये १२०० ते १४०० पर्यंत जा.

आणि राख, म्हणजे चिपाडातली न जळणारी खनिजं! आम्ही खानापूरकडचे, चिपाड घरचंच. पहिल्या खेपेला मी ते नुसतं पाण्यानं धुऊन भट्टीत घातलं आणि महिनाभर आकडे का येत नाहीत म्हणून इलेक्ट्रोलाइटला शिव्या दिल्या. उसात सिलिका असते. पाल्यानं हात कापतात ते उगाच नाही. त्यात गुऱ्हाळाच्या अंगणातली माती. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लानं पोटॅशियम, कॅल्शियम निघतं, सिलिका हलत नाही. तिला गरम कॉस्टिक सोडा लागतो, आपल्या बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्यात बॉक्साइट ज्यात विरघळवतात तोच. फक्त कच्चं चिपाड त्यात उकळू नका, लिग्निनही निघून जाईल. आधी ५०० अंशांवर कोळसा करा, मग कॉस्टिक, मग आम्ल, मग सामू ७ होईपर्यंत पाणी, आणि शेवटी मोठी भट्टी.

कार्बन तांब्याच्या फॉइलवर लावत असाल तर तो खर्च वाचवा. लिथियमचा ॲल्युमिनियमशी मिश्रधातू होतो म्हणून तिथं तांबं लागतं. सोडियमचा होत नाही, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम चालतं.

कॅथोड थराथरांची रचना असलेल्या सोडियमयुक्त ऑक्साइडचा असेल तर आपला पावसाळा सांभाळा. जुलैत उघड्या टेबलावर कालवलेली माझी स्लरी (फॉइलवर लावायचा कॅथोडचा लगदा) तासाभरात खरवसासारखी थिजली होती. हे ऑक्साइड हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढतं, अंगावर सोडियम हायड्रॉक्साइड, कार्बोनेट धरतं, आणि त्या अल्कलीनं भुकटी धरून ठेवणारा पीव्हीडीएफ बाइंडर बिघडतो. कोरडी पेटी मिळत नसेल तर लोहाच्या फॉस्फेट-पायरोफॉस्फेटचा कॅथोड घ्या. क्षमता थोडी कमी, पण नखरे कमी.

पुढच्या वेळी पहिल्या चार्ज-डिस्चार्जचा आलेख टाका, पन्नासाव्या फेरीचा नको.