चित्र काढता येत नसेल तर ॲनिमेशन फिल्मचं दिग्दर्शन करता येतं का?

येतं. जपानी दिग्दर्शक इसाओ ताकाहातांनी आयुष्यभर तेच केलं.

तुम्ही लिहिलंय की बारावीला आहात, गोष्टी सुचतात, पण चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेला सी ग्रेड मिळाली म्हणून घरचे म्हणतात, 'ॲनिमेशन हे तुझं काम नाही.' कोर्स कुठला करावा, असंही विचारलंय. कोर्सचं शेवटी बघू. 'तुझं काम नाही' हे वाक्य मी स्वतः ऐकलंय, त्यामुळे आधी त्यावरच बोलते.

मी माण तालुक्यातली. पुण्यात एका स्टुडिओत प्रॉडक्शन कोऑर्डिनेटर म्हणून लागले. कुठला शॉट कुणाकडे आहे, कधी येणार, कुठे अडकलाय, याचा हिशेब ठेवायचा. चित्राशी माझा संबंध नाही, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. तेव्हा लहान मुलांची एक मालिका चालू होती. तिच्यात एक मुलगी आडावरून पाण्याचा हंडा उचलते आणि घरी निघते. शॉट सुरेख काढलेला होता. ॲनिमेटरचा हात इतका गोड, की मुलीच्या परकराची चुणी न् चुणी जिवंत. पण हंडा तिने असा उचलला, जशी आपण रिकामी टोपली उचलतो. एका हाताने काठ धरला, दहाएक फ्रेममध्ये (फ्रेम म्हणजे एकेक स्थिर चित्र) हंडा कमरेवर, आणि लगेच ताठ चालायला लागली.

भरला हंडा असा उचलत नाहीत. आधी पाय फाकवून वाकायचं, काठाला दोन्ही हात घालायचे, हंडा पहिल्यांदा गुडघ्यावर घ्यायचा. तिथे क्षणभर थांबायचं, कारण आतलं पाणी अजून डचमळत असतं. मग श्वास रोखून कमरेवर. डोक्यावर घ्यायचा असेल तर दुसरीचा हात लागतो. चुंबळीवर हंडा बसला की मान आधी थोडी खाली दबते आणि मगच सरळ होते. पहिली तीन-चार पावलं तर आखूडच पडतात. हे मला कुणी शिकवलेलं नाही. आठवीपर्यंत मी रोज दोन खेपा केल्यात.

मी सुपरवायझरना म्हटलं, रिटेक द्या, म्हणजे शॉट पुन्हा काढायला सांगा. ते म्हणाले, "दोन सेकंदांचा शॉट आहे, कोण बघतंय? आणि तू आधी पेन्सिल धरायला शीक." सगळ्यांसमोर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी खोलीवरचा स्टीलचा हंडा रिक्षात घालून स्टुडिओत नेला, पँट्रीच्या नळाखाली भरला आणि ॲनिमेटरसमोर तीन वेळा उचलला. त्याने मोबाइलवर शूट केलं. पोरगा गुणी होता. संध्याकाळी थांबून त्याने तो शॉट स्वतःहून नव्याने काढला. नुसतं उचलण्यालाच छत्तीस फ्रेम लागल्या. मुलगी गुडघ्यावर हंडा टेकवून थांबते, त्या ठिकाणी माझ्या अंगावर काटा आला होता.

तो शॉट गेला नाही. डिलिव्हरीची तारीख होती, सुपरवायझरनी जुनाच पाठवला. भाग टीव्हीवर लागला तेव्हा मी गावी होते. आई भाकरी थापत होती. वर बघून म्हणाली, "हंडा रिकामाच हाय की गं."

आता ताकाहातांकडे येते. १९३५ साली जन्म, टोकियो विद्यापीठात फ्रेंच साहित्य शिकले, १९५९ मध्ये तोएई दोगा स्टुडिओत आले ते थेट दिग्दर्शनाच्या बाजूने. ॲनिमेटर ते कधीच नव्हते. त्यांचा पहिला चित्रपट, 'होरुस', १९६८ साली आला. काम ठरल्यापेक्षा कितीतरी लांबलं, धंदा झाला नाही, आणि तोएईने त्यांना पुन्हा चित्रपट दिला नाही. आज जपानी ॲनिमेशनचा इतिहास सांगताना लोक त्या चित्रपटावर थांबतात.

मग १९७४ ची 'हायडी'. ५२ भागांची टीव्ही मालिका, आठवड्याला एक भाग. आल्प्समधल्या पोरीची गोष्ट जपानमध्ये बसून काढायची, म्हणून आधी ताकाहाता, त्यांचे सहकारी ॲनिमेटर मियाझाकी आणि पात्रं रेखाटणारे कोताबे स्वित्झर्लंडला जाऊन आले. बघितलं काय? घरं, गवत, कुरणं, माणसं राहतात कशी ते. त्या मालिकेत राक्षस नाही, जादू नाही. शेगडीवर चीज वितळतं, बकऱ्या हुंदडतात, पोरगी गवताच्या बिछान्यावर झोपते. तरी पोरं खिळून बसली, कारण प्रत्येक गोष्टीला तिचं वजन होतं. प्रत्येक भागाचे लेआउट, म्हणजे शॉटमध्ये काय कुठे असेल त्याचे आराखडे, मियाझाकींनी काढले. पण कुठे थांबायचं, किती वेळ बघायचं, हे ताकाहाता ठरवत. दिग्दर्शन म्हणतात ते हेच.

'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' (१९८८) हा महायुद्धातल्या दोन भावंडांचा चित्रपट तुम्ही पाहिला असेल. त्यात संपलेल्या गोड गोळ्यांच्या डब्यात भाऊ पाणी ओततो, तळाचा गोडवा त्यात उतरतो आणि बहीण ते पाणी पिते. मूळ कथा लेखक नोसाकांची, पण जळत्या शहरातून पळणं काय असतं हे ताकाहातांना ठाऊक होतं. जून १९४५ मध्ये ओकायामावर बॉम्ब पडले, तेव्हा नऊ वर्षांचा हा मुलगा झोपायच्या कपड्यांत, अनवाणी, बहिणीबरोबर पळाला होता. घरच्यांपासून ताटातूट झाली होती. हे अनुभवाचं भांडवल पेन्सिलीतून येत नाही.

'ओन्ली यस्टर्डे'मध्ये (१९९१) मोठ्या वयाच्या पात्रांचे आवाज त्यांनी आधी रेकॉर्ड केले आणि नटांच्या बोलण्याप्रमाणे चेहरे काढून घेतले. हसताना गालावर उमटणाऱ्या रेषासुद्धा. जपानमध्ये तेव्हा आवाज सहसा नंतर भरत. काढणाऱ्यांचे हाल झाले असणार. पण रिटेक मागायचा हक्क चांगल्या चित्रकारालाच असतो, असं तिथे कुणी म्हटलं नाही.

काही गोष्टी कबूल करायला हव्यात. चित्र काढता न येणं वेगळं आणि चित्र न कळणं वेगळं. ताकाहातांना चित्र फार खोलवर कळत होतं. बाराव्या शतकातल्या जपानी चित्रगुंडाळ्यांवर त्यांनी पुस्तक लिहिलंय. त्यांचा शेवटचा चित्रपट 'कागुया' (२०१३) तर उघड्या ब्रशच्या फटकाऱ्यांत आणि रिकाम्या कागदात घडतो, आणि त्याला आठ वर्षं लागली. तेवढा वेळ आणि पैसा इथे तुम्हाला कुणी देणार नाही. शिवाय त्यांच्या बाजूला ओत्सुका, मियाझाकी, कोंदो यांच्यासारखे ॲनिमेटर होते. असे हात सोबत नसतील, तर तुम्ही मनात कितीही बघा, पडद्यावर येणार नाही. म्हणून चांगल्या हातांशी मैत्री करा आणि त्यांचा मान ठेवा. त्या पोराने संध्याकाळ घालवून माझ्यासाठी छत्तीस फ्रेम काढल्या, हे मी विसरलेले नाही. आज मी स्वतः मुलांसाठी छोट्या फिल्म करते आणि आजही मला धड हात काढता येत नाही.

कोर्सचं म्हणाल तर ज्या कोर्समध्ये फक्त सॉफ्टवेअर शिकवतात तिथे लाखांत फी भरू नका. स्टोरीबोर्ड (गोष्ट शॉटवार चित्रांत मांडणं) आणि एडिटिंग शिकवणारा बघा. प्रवेशाला चित्रांची परीक्षा असेल तर तेवढ्यापुरता सराव करा, त्यात कमीपणा नाही. त्याआधी घरीच काडीच्या माणसांचा दोन मिनिटांचा ॲनिमॅटिक करा, म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रं वेळ आणि आवाज लावून जोडलेला कच्चा व्हिडिओ; मोबाइलवर होतो. तो आईला दाखवा आणि कुठे कंटाळा आला ते विचारा.

घरच्यांशी वाद घालू नका, 'हायडी' लावून द्या. आणि पुढे नोकरी लागली की रिटेक ईमेलवर मागा, शॉट नंबर आणि तारीख टाकून. मी तोंडी मागितला होता.