‘वापर’, ‘वाचन’ की ‘उपयोग’? ई-जर्नलच्या आकड्यांना मराठीत काय म्हणावं

प्रश्न एका महाविद्यालयाच्या ग्रंथपालांचा आहे. वार्षिक अहवाल मराठीत लिहायचा आहे आणि त्यात ई-जर्नलच्या, म्हणजे ऑनलाइन मिळणाऱ्या संशोधन-नियतकालिकांच्या, ‘युसेज’चा तक्ता द्यायचा आहे. मथळा ‘ई-जर्नलचे वाचन’ असा द्यावा, ‘वापर’ असा की ‘उपयोग’? आणि तक्त्याखालच्या बेरजेला ‘वाचकसंख्या’ म्हटलं तर चालेल का?

मथळ्यात ‘वापर’ लिहा. ‘वाचकसंख्या’ मात्र लिहू नका, कारण त्या जागी तो शब्द चुकीची माहिती देतो.

वापर आणि उपयोग कोशात एकमेकांचे अर्थ म्हणून दिलेले असतात, पण बोलताना आपण त्यांची सर्रास अदलाबदल करत नाही. ‘महिनाभर तेल वापरलं, पण काही उपयोग झाला नाही’ हे वाक्य कोणीही सहज बोलेल. त्यातले दोन्ही शब्द उलटे घालून पाहा, वाक्य मोडतं. उपयोगात फळ आलं, फायदा आला. वापरात नुसती कृती. प्रकाशकाच्या सर्व्हरला कृतीच दिसते. त्या लेखामुळे कोणाच्या प्रबंधाचं अडलेलं प्रकरण पुढे सरकलं का, हे त्याला कळायला मार्ग नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या १९३१ सालच्या पाच सिद्धान्तांतला पहिला आपण ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’ असा म्हणतो, आणि तिथे उपयोगच हवा, कारण ते ग्रंथाचा हेतू सांगताहेत. तुमचा तक्ता घडलेल्या गोष्टी मोजतो.

आता नेमकं काय घडलं ते कसं मोजतात, हे पाहिल्याशिवाय वाचकसंख्येचा मुद्दा सुटत नाही. बहुतेक मोठे प्रकाशक ‘काउंटर’ या आंतरराष्ट्रीय संहितेप्रमाणे आकडे देतात. हा प्रकल्प २००२ साली सुरू झाला. संहितेची पाचवी आवृत्ती २०१९ पासून लागू आहे आणि तिचीच सुधारित ५.१ जानेवारी २०२५ पासून. तिच्यात ‘इन्व्हेस्टिगेशन’ आणि ‘रिक्वेस्ट’ अशी दोन मुख्य मोजमापं आहेत. त्यांना मी ‘चौकशी’ आणि ‘मागणी’ म्हणेन. लेखाचा सारांश पाहिला तर ती चौकशी. पूर्ण लेख उघडला किंवा उतरवून घेतला तर ती चौकशीही आणि मागणीही. ‘मागणी’ हा शब्द ग्रंथालयाला नवा नाही, मागणीपत्र भरून पुस्तक घेतलेली पिढी अजून आहे.

समजा, एका विद्यार्थिनीने एकाच बैठकीत एका लेखाचा सारांश पाहिला, मग पूर्ण लेख पडद्यावर उघडला, मग त्याचीच पीडीएफ उतरवली. एकूण चौकशा झाल्या तीन, एकूण मागण्या दोन. पण ‘एकमेव’ (युनिक) रकान्यात चौकशी एक आणि मागणीही एकच, कारण लेख एकच आहे. पीडीएफच्या दुव्यावर तिने तीस सेकंदांच्या आत दोनदा टिचकी मारली, तरी ती एकदाच धरतात. म्हणजे मुलगी एक, लेख एक, आणि रकाना बदलला की आकडा तीन, दोन किंवा एक. अहवालात कोणता रकाना घेतला हे लिहिलंच पाहिजे. माझं मत विचाराल तर ‘एकमेव मागण्या’ घ्या, कारण काही प्रकाशकांच्या संकेतस्थळावर आधी पडद्यावरचा लेख उघडतो आणि मग पीडीएफ मिळते, त्यांचा एकूण आकडा विनाकारण फुगतो. ‘डाउनलोड’ हा मथळाही टाळा. पडद्यावर वाचून मिटलेला लेख मागणीत धरलेला असतो, पण तो कोणी उतरवून घेतलेला नसतो.

या सगळ्यात माणूस कुठेच मोजलेला नाही. आवारातून आलेली मागणी बहुधा आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) ओळखतात, त्यामुळे संस्था कळते, व्यक्ती कळत नाही. एका संशोधकाने पन्नास लेख काढले काय आणि पन्नास जणांनी एकेक काढला काय, बेरीज तीच.

हा भेद मराठी वृत्तपत्रांच्या जगात केव्हाच रुळला आहे. तिथे ‘खप’ वेगळा आणि ‘वाचकसंख्या’ वेगळी. खप म्हणजे विकल्या गेलेल्या प्रती. तो तपासून प्रमाणित करणारी एबीसी ही संस्था १९४८ पासून आहे. वाचकसंख्या लोकांना विचारून काढतात, कारण एक अंक घरात चौघे वाचतात, नाहीतर तसाच रद्दीत जातो. तुमच्या तक्त्यातला आकडा खपाच्या जातीचा आहे. त्याला वाचकसंख्या म्हणणं म्हणजे खपाच्या आकड्यावर वाचकांची पाटी लावणं.

‘वाचन’ हा शब्दही राखूनच वापरावा, कारण त्याचीही मोजणी होते, पण वेगळ्या रीतीने. अमेरिकेत कॅरल टेनोपिर आणि डोनाल्ड किंग यांनी प्राध्यापक-संशोधकांच्या वाचनाची वर्षानुवर्षं पाहणी केली. ‘तुम्ही अगदी अलीकडे वाचलेला एक लेख आठवा’ असं सांगून ते त्या एका लेखाबद्दल विचारत: कुठून मिळाला, कशासाठी वाचला, किती वेळ दिला. वाचन कशाला म्हणायचं हेही त्यांनी ठरवलं होतं. अनुक्रमणिका, शीर्षक, सारांश यांच्या पलीकडे जाऊन लेखाच्या मजकुरात शिरलं तरच ते वाचन. मला ही व्याख्या फार आवडते. आपल्याकडे ‘चाळणं’, ‘नजरेखालून घालणं’ आणि ‘वाचणं’ असे वेगळे शब्द आहेतच. मराठीत प्रश्नावली करणाऱ्याने ते वेगळे ठेवावेत.

‘यूजर’साठी ‘उपयोक्ता’ मला परका वाटतो. खात्याने किंवा पासवर्डने आत आलेला तो ‘वापरकर्ता’, आणि ज्याला तुम्ही प्रश्नावली दिली तो ‘वाचक’. ई-जर्नल हा शब्द बदलायची गरज नाही, सगळे तेच म्हणतात.

सरकारी संस्थांना एकत्रित वर्गणीतून ई-जर्नल मिळवून देणाऱ्या केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर झाले आहेत. इतका सार्वजनिक पैसा लागलेला असताना अहवालातला शब्द सैल असून चालणार नाही. मथळा असा करता येईल: ‘ई-जर्नलचा वापर: एकमेव लेखमागण्या, महिनावार’. आणि प्रश्नावलीचे निष्कर्ष असतील तर ते स्वतंत्र तक्त्यात, ‘वाचकांचे वाचन’ या मथळ्याखाली.