पिशवीचे तोंड उघडा

डिचोली तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या घरी पाच कोंबड्या आहेत. त्यांपैकी एक तपकिरी कोंबडी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून पिल्लू असताना आणलेली, आता तीन वर्षांची, घरभर त्यांच्या मागे फिरणारी. ती गेले तीन आठवडे आजारी आहे. तिचे पोट फुगले आहे, तुरा फिकट पडला आहे, ती पाय फाकून ताठ चालते आणि दाणे टिपत नाही. आजार दिसू लागण्याआधी तिने दोन कातडी, म्हणजे टणक कवच न चढलेली मऊ अंडी घातली होती. बाई तिला मागच्या पडवीतल्या सामानाच्या खोलीत ठेवून रात्री उठून पाणी पाजतात. नवरा म्हणतो, एका कोंबडीसाठी एवढे कशाला. सासऱ्यांनी पोट चाचपून पाहिले, “यात पाणी झाले आहे” असे म्हटले आणि श्रावण सरला की निकाल लावू, असेही सांगितले. चवथीला नणंदा येतील आणि हसतील, ही भीती वेगळीच. “घरात कोणालाच तिचे काही वाटत नाही, मी एकटीच जीव तोडते आहे, मी वेडी आहे का?” असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

तुमचे पत्र चार पानांचे आहे आणि त्यातील बहुतेक मजकूर घरच्या माणसांविषयी आहे. मला मात्र तिसऱ्या पानावरच्या एका वाक्याच्या पुढे सहज जाता आले नाही. “सोमवारी तिला पिशवीत घालून, ओरडू नये म्हणून पिशवीचे तोंड बांधून गुरांच्या दवाखान्यात नेले होते, पण तिथे म्हशीवाले आणि कुत्रेवाले बसले होते, ओळखीची एक बाईही होती, म्हणून कुत्र्याच्या जंताच्या गोळ्या मागून घेतल्या आणि परत आले,” असे तुम्ही लिहिता आणि लगेच पुढच्या ओळीत नवऱ्याच्या बोलण्याकडे वळता. तुमच्या घरी कुत्रा नाही. तीन आठवडे ज्या जिवासाठी तुम्ही झोपमोड करून घेतली, तो जीव हातातल्या पिशवीत धडपडत असताना, त्याला मदत करू शकणाऱ्या माणसासमोर उभे राहून तुम्ही नसलेल्या कुत्र्याचे औषध मागितले.

घरात कोणी तिला किंमत देत नाही, अशी तुमची तक्रार आहे. नवऱ्याने तिची किंमत निदान एक कोंबडी एवढी तरी केली; दवाखान्यात तुम्ही ती आहे हेच नाकारले. हे मला कठोरपणे सांगावे लागते आहे, कारण पत्रभर तुम्ही स्वतःकडे एकटी, प्रेमळ आणि अन्याय सोसणारी म्हणून पाहिले आहे आणि त्या सोमवारकडे मुळीच पाहिलेले नाही. तुम्ही वेडी आहात का, या प्रश्नाचे उत्तर मी देणार नाही. तुम्हाला लाज वाटली, आणि त्या लाजेची किंमत कोंबडी चुकवते आहे. उद्या सकाळी दवाखाना उघडताच तिला पुन्हा घेऊन जा. माझा सल्ला एवढाच आहे. बाकीचे जे लिहिते आहे, ते तुम्ही पुन्हा रांगेतून परत फिरू नये म्हणून.

आधी त्या बांधलेल्या पिशवीविषयी. कोंबडीच्या शरीराचे तापमान निरोगी असतानाही ४१ अंश सेल्सियसच्या पुढे असते आणि तिला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणे हाच तिचा उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग असतो. शिवाय माणसाला असतो तसा छाती आणि पोट वेगळे करणारा स्नायूंचा पडदा पक्ष्यांना नसतो, त्यामुळे पोटात साचलेले पाणी थेट तिच्या हवाशयांवर, म्हणजे श्वासाची हवा खेळणाऱ्या पातळ पिशव्यांवर दाबते. अशा कोंबडीला पिशवीत कोंबणे, पाय धरून उलटी लटकवणे किंवा तपासताना उताणी करणे म्हणजे तिचा श्वास कोंडणे होय. बाजारातून घरी येईपर्यंत सगळेच कोंबडी उलटी धरतात, हे मलाही ठाऊक आहे; पण आजारी कोंबडी तेवढ्यानेही दगावू शकते. रुंद टोपलीत सुके गवत घाला, तिला उभी किंवा बसलेली ठेवा आणि वरून पातळ कापड अर्धवट पांघरा, म्हणजे ती घाबरणार नाही आणि तिला वारा लागेल.

आता डॉक्टरच का, हे सांगते. तुम्ही जी लक्षणे लिहिली आहेत, त्यांवरून अंड्याच्या मार्गाचा बिघाड असण्याची शक्यता मोठी दिसते. अंडाशयातून सुटलेला पिवळा बलक अंडनलिकेच्या रुंद तोंडात पडावा लागतो, आणि तेथून पुढे पांढरा भाग व कवच चढून पूर्ण अंडे तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात, ज्यांतील २० तासांच्या आसपास एकट्या कवचावर खर्च होतात. कातडी अंडी पडू लागली, म्हणजे या साखळीत कुठेतरी गडबड झाली. बलक नलिकेत न जाता पोटाच्या पोकळीत पडू लागला, तर तो तिथे साचतो, त्यात जंतू वाढतात, पोटात पाणी होते आणि कोंबडी तुम्ही वर्णन केली तशी ताठ, फाकून चालू लागते. बाजारात मिळणाऱ्या तपकिरी कोंबड्या बहुधा अंड्यांसाठी तयार केलेल्या जातींच्या असतात. त्या वर्षाला ३०० च्या जवळपास अंडी देतात आणि पोल्ट्रीवाले त्यांना सुमारे ७२ आठवड्यांच्या झाल्यावर काढून टाकतात. तुमची कोंबडी त्याच्या दुपटीहून अधिक जगली आहे, आणि एवढ्या वयात अंडाशयाच्या गाठी, यकृताचे आजार हेही संभवतात. यांतले नेमके काय आहे, हे मी पत्रावरून सांगू शकत नाही आणि तुम्ही रात्री उठून पाणी पाजून ओळखू शकत नाही. डॉक्टर पोट चाचपतील, गरज वाटल्यास सुईने थोडे पाणी काढून पाहतील. तेवढ्यानेही काही कोंबड्यांना श्वास घेणे सोपे जाते.

आणखी चार कोंबड्या अंगणात फिरत आहेत, त्यांचा विचार पत्रात कुठेच नाही. तीन आठवड्यांत त्या ठणठणीत राहिल्या, यावरून हा साथीचा आजार नसावा असे वाटते, कारण मानमोडी, म्हणजेच राणीखेत, घरात शिरला असता तर हिरवट विष्ठा, घरघर आणि वाकडी झालेली मान दिसली असती आणि काही दिवसांतच खुराडे रिकामे होऊ लागले असते. त्या रोगावर औषध नाही, लस आहे. पावसात ओल्या जमिनीवर वाढणाऱ्या कोंबड्यांच्या लसी आणि जंत यांविषयी त्याच भेटीत विचारून घ्या.

लोक काय म्हणतील, याविषयी थोडे. पशुवैद्यकाच्या पदवीच्या अभ्यासात कोंबड्यांचे आजार शिकवलेले असतात. त्यामुळे कोंबडी घेऊन जाणे म्हणजे डॉक्टरांचा वेळ खाणे नव्हे, त्यांच्याकडे त्यांचेच काम नेणे होय. आपल्या देशात १९६० साली झालेल्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे मनुष्य सोडून कोणताही सजीव, आणि ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याच्यावर त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य आहे. म्हैस घेऊन बसलेल्या माणसाइतकाच त्या बाकावर बसण्याचा तुमचा हक्क आहे. ओळखीच्या बाईने विचारलेच, तर कोंबडी आजारी आहे असे तीन शब्दांत सांगा. त्या हसल्या तरी त्यांच्या हसण्याने रांग पुढे सरकायची थांबत नाही.

आज रात्रीपुरते काय करायचे ते ऐका. सामानाच्या खोलीत ओल असेल, तर तिला तिथून हलवा. वाऱ्याचा झोत लागणार नाही अशा कोरड्या, मंद उजेडाच्या जागी ठेवा आणि कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून तिच्या एका बाजूला ठेवा, म्हणजे जास्त ऊब वाटली तर तिला दूर सरकता येईल. चमच्याने चोचीत पाणी ओतणे आजपासून बंद करा. कोंबडीच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते, ओतलेले पाणी सहज फुफ्फुसात जाते आणि अशक्त पक्षी त्यातच मरतो. वाटी पुढे धरा आणि चोचीचे टोक भिजवा. ती स्वतः गिळेल तेवढेच तिचे. उकड्या तांदळाची मऊ, बिनमिठाची पेज आणि कुस्करलेले उकडलेले अंडे थोडे थोडे ठेवून पाहा. शेपटीखालची पिसे विष्ठेने माखली असतील, तर कोमट पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करा, कारण या दिवसांत तिथे माश्या अंडी घालतात आणि अळ्या पडतात. पहाटे काही खायला देण्यापूर्वी मानेखालची अन्नाची पिशवी हलकेच चाचपा: ती रिकामी आहे, घट्ट भरलेली आहे की पाण्यासारखी लिबलिबीत आहे, हे डॉक्टरांना सांगता आले पाहिजे. शेवटचे अंडे कधी पडले, ते कसे होते आणि विष्ठेचा रंग काय, हेही कागदावर लिहा. कुत्र्याच्या त्या गोळ्यांतली अर्धी द्यावी का, असे तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे. देऊ नका. घरातली माणसांची तापाची किंवा दुखण्याची गोळीही देऊ नका.

सासऱ्यांवर तुमचा सर्वांत जास्त राग दिसतो. पण तुमच्याच पत्रानुसार, तुमच्याशिवाय तिच्या पोटाला हात लावून पाहिलेला घरातला तो एकमेव माणूस आहे, आणि त्यांनी जे सांगितले ते बहुधा बरोबरच आहे. ज्यांनी जन्मभर कोंबड्या पाळल्या, त्यांना तिचे हाल दिसतात आणि त्यावरचा त्यांना माहीत असलेला एकच उपाय ते सांगतात. मला तो क्रूरपणा वाटत नाही. त्यांना सोबत चला म्हणा. तपासताना पंख मिटवून तिला नीट धरणारे हात लागतील आणि ते त्यांच्याकडे आहेत. फक्त एवढे स्पष्ट सांगून ठेवा की आजारी कोंबडी, त्यातही औषध दिलेली, श्रावण सरल्यावरही कोणाच्या ताटात जाणार नाही.

एक गोष्ट मी लपवणार नाही. तीन आठवडे जुना, पोट फुगलेला आजार पूर्ण बरा होण्याची आशा थोडी असते. डॉक्टर कदाचित औषध देतील आणि ती काही महिने बरी राहील; कदाचित आता त्रास देऊ नका असे म्हणतील. तसे म्हणाले, तर इंजेक्शनने तिला शांतपणे जाऊ देता येईल का, हे तुम्ही तोंडाने विचारा, आणि त्या वेळी तिला दुसऱ्याच्या हाती देऊन बाहेर जाऊन उभ्या राहू नका. नंतर तिला विहिरीपासून दूर, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. आणि घरातल्या दुसऱ्या कोंबड्या अचानक एकामागोमाग मरू लागल्या, तर मेलेल्या पक्ष्याला हात लावण्यापूर्वी दवाखान्यात कळवावे.

उद्या नाव नोंदवताना कोणते जनावर, असे विचारतील. कोंबडी, असे मागे बसलेल्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगा. सोमवारी काय झाले आणि त्या गोळ्या कशा घेतल्या, तेही डॉक्टरांना सांगा, आणि पुढच्या तपासणीची तारीख विचारल्याशिवाय तिथून उठू नका.